मागाच्या खडखडाटात कान तपासायचे कसे? (प्रबंधासाठी मदत हवी)

साखरपेठची_लेक | सोमवार, रात्री 10:40

नमस्कार मंडळी. मी मूळची सोलापूरची, साखर पेठेतली. बाहेरगावी ऑडिऑलॉजीत (श्रवणशास्त्रात) एमएस्सी करतेय, दुसरं वर्ष. त्याआधी बीएएसएलपीची (वाचा-श्रवणाच्या पदवीची) चार वर्षं झाली, शेवटचं इंटर्नशिपचं. तरी गल्लीत माझी ओळख अजून 'कानाची मशीन विकायचं शिकते ती' अशीच आहे. असो.

प्रबंधाला विषय घेतलाय यंत्रमाग कामगारांचं ऐकू येणं. मीच मागून घेतला, कारण विषय घरातच बसलेला आहे. माझे नान्ना (वडील) अठ्ठावीस वर्षं मागावर आहेत. आमच्या टीव्हीवरच्या बातम्या कोपऱ्यावरच्या टपरीवाल्याला ऐकू जातात. आई काही बोलली की ते मान डोलावतात, आणि ती मान नेमकी कशाला डोलावली हे नंतर भांडण झाल्यावर कळतं.

गाइडनी साठ कामगार आणि तीस इतर लोक तपासायला सांगितलेत. कॉलेजातून पोर्टेबल ऑडिओमीटर (ऐकू येणं मोजायचं यंत्र) मिळेल, पण तो ठेवायचा कुठे? अशोक चौक ते अक्कलकोट रोडची एमआयडीसी, जाईन तिथे खडखडाटच. दोन कारखान्यांत विचारलं, दोन्हीकडून चहा मिळाला, परवानगी नाही. शब्द ऐकवून करायच्या चाचणीची यादी मराठीत आहे, आणि निम्मे कामगार घरी तेलुगू बोलणारे, काही कन्नड, काही उर्दू. यादीचं तेलुगू भाषांतर करून घेतलं तर चालेल का? कुणी असं काम केलंय का?

कडक_भाकरी | सोमवार, रात्री 11:05

आमचे मामा तीस वर्षं टॉवेलच्या मागावर. त्यांना आत्ता विचारलं, "मामा, कान तपासायचे का?" तर म्हणाले, "पान? नको बे, आत्ताच खाल्लं."

घे, एक नमुना झाला. उरले एकोणसाठ.

चाळीस_माग | मंगळवार, सकाळी 9:20

ताई, मी कारखानदार आहे, नावावरून कळलंच असेल. स्पष्ट बोलतो, राग मानू नका. सुताचा भाव, विजेचं बिल, टॉवेलचे अडकलेले पैसे, आणि कामगारांची नवी पोरं मागावर उभी राहायला तयार नाहीत. त्यात तुम्ही मशीन घेऊन येणार, कामगाराला सांगणार 'तुझा कान गेला'. उद्या तो कागद घेऊन तो माझ्याकडे येणार की सरकारी साहेबाकडे जाणार? तुमची पदवी होईल, तुम्ही जाल पुण्या-मुंबईला. मागे आम्ही.

आमच्याकडे कापसाचे बोळे देतो. कुणी घालत नाही, हा भाग वेगळा.

जुना_ऑडिओमीटर | मंगळवार, दुपारी 3:15

मुली, विषय चांगला घेतलास. तीस वर्षं याच धंद्यात आहे, म्हणून चार गोष्टी सांगतो. लांबेल.

सगळ्यात आधी वेळेचं बघ. पाळी सुटल्या सुटल्या कामगाराला हेडफोन लावलास तर जे आकडे येतील त्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतील: कायमची घट आणि त्या दिवसाची तात्पुरती घट. गोंगाटातून बाहेर पडल्यावर कान थोडे सावरतात. म्हणून तपासणीआधी 14 ते 16 तास शांततेत गेलेले हवेत. आता गणित कर. पाळी सकाळी 8 ते रात्री 8. दुसऱ्या दिवशी पाळीआधी तपासलंस तरी हातात बारा तासच. म्हणजे कामाच्या दिवशी ही तपासणी नीट होऊच शकत नाही. सुट्टीच्या दिवशी दुपारी बारानंतर, एवढीच वेळ तुला आहे. आणि त्या वेळी माणूस झोपलेला असतो किंवा मटणावर बसलेला. तेव्हा साठ हा आकडा विसर, गाइडशी बोल. नीट तपासलेले पंचवीस हे घाईने उरकलेल्या साठांपेक्षा बरे.

दुसरं, कारखान्यात जाऊच नकोस. परवानगीचा प्रश्नच मिटतो. सुट्टीच्या दिवशी रिकामी शाळा, एखादं मंगल कार्यालय, काहीही चालेल. पंखे बंद ठेवायचे. हेडफोन वरच्या पट्टीतला बाहेरचा आवाज बऱ्यापैकी अडवतात, खालच्या पट्टीतला नाही. म्हणून 250 आणि 500 हर्ट्झला सगळेच कमी ऐकणारे दिसतील. ती घट त्यांच्या कानातली नसेल, तुझ्या खोलीतली असेल. इन्सर्ट (कानाच्या आत बसणारे) इअरफोन मिळाले तर तेच घे. आधी खोलीतला आवाज मोजून वहीत लिही.

पद्धत तुला येतेच: दहा डेसिबलने खाली, पाचने वर, वर चढताना तीनपैकी दोनदा ऐकू आलं तो उंबरठा, म्हणजे ऐकू येणारा सगळ्यात हळू आवाज. फक्त एक सांभाळ. सूर ठरावीक अंतराने देऊ नकोस. मागवाल्याला ताल लगेच सापडतो. चौथ्या सुरानंतर तो न ऐकता बरोबर वेळेला बोट वर करेल आणि तू खूश होशील.

गोंगाटाने गेलेल्या कानाच्या आलेखात 4000 हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो आणि 8000 ला रेघ पुन्हा वर येते. वयाने जातं तेव्हा खड्डा नसतो, उतार असतो, 8000 ला सगळ्यात खाली. पन्नाशी-साठीत दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि खड्डा बुजल्यासारखा दिसतो. म्हणून तुझे तीस 'इतर' लोक त्याच वयाचे पुरुष हवेत. विड्या वळणाऱ्या बायका घेऊ नकोस. काम शांत असलं तरी बाई-पुरुषांच्या आकड्यांत मुळातच फरक असतो. आणि साखर पेठेत ज्याच्या भिंतीपलीकडे माग नाही असा माणूस तुला सापडला तर मला कळव, मी त्याचा सत्कार करीन.

प्रश्नावलीत एक ओळ वाढव: टीबीसाठी सुया घेतल्या होत्या का? स्ट्रेप्टोमायसिन, कॅनामायसिन ही औषधं कानाच्या आतल्या पेशी मारतात. न विचारता तो दोष मागावर टाकलास तर ते खोटं ठरेल.

चाळीस_माग यांना: कापसाचा बोळा आवाज जवळपास अडवतच नाही. तो न घालणारे कामगार शहाणे आहेत.

आणि भाकरी, तुझ्या मामांची गोष्ट विनोदाची नाही. 'कान'मधला 'आ' त्यांना चांगला ऐकू आला. गेला तो 'क'. स्वर खालच्या पट्टीत, जोरकस, व्यंजनं बारीक. असा माणूस 'मला ऐकू येतं, तुम्हीच नीट बोलत नाही' म्हणतो ते त्याच्या परीने खरंच असतं. घरचे मग ओरडतात, त्याने स्वर आणखी मोठा होतो, व्यंजन तिथेच राहतं.

कडक_भाकरी | मंगळवार, दुपारी 3:40

सर, मी हे मामीला वाचून दाखवलं. ती गप्प बसली एकदम.

चाळीस_माग | मंगळवार, रात्री 9:50

सर, एक विचारतो. माझ्या शेडमध्ये दहा माग एका ओळीत. त्यातले पाच दुसऱ्या खोलीत हलवले तर आवाज निम्मा होईल ना?

जुना_ऑडिओमीटर | मंगळवार, रात्री 10:30

नाही शेठ. डेसिबल असे मोजले जात नाहीत. सारख्या आवाजाच्या दहा मागांचे पाच केले तर फक्त 3 डेसिबल कमी होतात, कानाला फरक जेमतेम कळेल. कारखान्यांच्या नियमांत 90 डेसिबलला आठ तास आणि 95 ला चारच तास आहेत. अमेरिकेतली निओश ही संस्था तर आठ तासांना 85 च्या वर नको म्हणते. आणि ही सगळी गणितं आठ तासांच्या पाळीची, तुमची बारा तासांची. एकदा मोजून घ्या, मग बोलू. सैल झालेले भाग आवळणं, मागाखाली रबर घालणं याने थोडं कमी होतं. कामगाराला फोमचे इअरप्लग द्या, पण नुसतं पाकीट वाटू नका. ते बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर ओढायचा, आत घालायचे आणि फुगेपर्यंत धरायचे. हे दाखवलं नाही तर ते कानाच्या दारात लोंबकळत राहतात.

राजूची_आई | बुधवार, दुपारी 1:10

विषयाला सोडून विचारते, माफ करा. माझा मुलगा तीन वर्षांचा. मोजून दहा-बारा शब्द बोलतो. आमच्या घरी तेलुगू, अंगणवाडीत मराठी, मोबाईलवर हिंदी. एका ठिकाणी दाखवला तर सांगितलं, तीन भाषांनी गोंधळलाय, घरात फक्त मराठी बोला. माझ्या सासूबाईंना मराठी कळतं, पण बोलता येत नाही. दिवसभर तो त्यांच्याजवळ असतो. मग आजीने नातवाशी बोलायचंच नाही का? शेजारी म्हणतात जीभ जड आहे, जिभेखालचा पडदा कापून आणा.

ळ_चा_उच्चार | बुधवार, दुपारी 2:30

ताई, मी स्पीच थेरपीची इंटर्न आहे, पंढरपूरची. धागा हायजॅक होतोय पण हे महत्त्वाचं आहे.

आजींना बोलू द्या. भरपूर बोलू द्या. दोन-तीन भाषा कानावर पडल्याने मूल उशिरा बोलतं याला आधार नाही. उलट जी भाषा घरच्यांना मनापासून येते तीच मुलाला सगळ्यात जास्त आणि सगळ्यात चांगली ऐकायला मिळते. मोडक्या मराठीतली आजी काय गोष्ट सांगणार? शब्द मोजताना मात्र सगळ्या भाषांतले मिळून मोजा. तो 'नीळ्ळू' म्हणत असेल आणि 'पाणी' म्हणत नसेल तरी तो शब्द त्याचा आहेच.

पण तरीही दहा-बारा कमी आहेत. दोन वर्षांच्या सुमाराला पन्नासेक शब्द आणि दोन शब्दांची जोडणी अपेक्षित असते. म्हणून 'मुलगे उशिराच बोलतात' म्हणत थांबू नका. जिभेचं नंतर बघू, आधी कान. सिव्हिलच्या ईएनटी ओपीडीत दाखवा. जन्मल्यावर तपासणी झाली होती का? काचेत ठेवला होता का?

राजूची_आई | बुधवार, दुपारी 2:50

हो, नऊ दिवस काचेत होता. कानात बारीक बूच घालून तपासलं होतं, 'पास' आला होता.

ळ_चा_उच्चार | बुधवार, दुपारी 3:20

ती ओएई असणार. ती कानाच्या आतल्या पेशींचा प्रतिसाद बघते, तिथून पुढे मेंदूकडे जाणारी नस बघत नाही. काचेत राहिलेल्या बाळांची म्हणून बेरा (त्या नसेची तपासणी) पण करायची असते. शिवाय तेव्हा पास झालं तरी नंतर कान बिघडू शकतात, सर्दीने पडद्यामागे पाणी साचतं. त्यामुळे आता पुन्हा सगळं. घाबरू नका, पण या आठवड्यातच जा.

आता एक कबुली. माझ्या पहिल्या पोस्टिंगला असाच एक मुलगा आला होता. मी छापील चित्रांची कार्डं काढली. इग्लू, सांताक्लॉज, स्लेज. पोरगं गप्प. मी वहीत लिहिलं, 'नामनिर्देशन कमी'. मॅडमनी वही वाचली, कार्डं उचलून कपाटात टाकली आणि म्हणाल्या, याच्या आईच्या पिशवीत काय आहे ते काढ. पिशवीत टॉवेल, चावी, बिस्किटाचा पुडा, एक केळं. पोराने चारांपैकी तीन नावं सांगितली. दोन तेलुगूत, एक मराठीत. लॉगबुकात त्या दिवशी तीन तास लिहिले, पण शिकले ते त्या पाच मिनिटांत. आमच्यात काही जण नुसते तास भरतात, हे इथे म्हटलं तर वर्गातले मारतील.

साखरपेठची_लेक, तुझ्या यादीचंही तेच. शब्दयादीचं भाषांतर होत नाही. यादीतले शब्द ओळखीचे हवेत, साधारण सारख्या लांबीचे हवेत आणि त्यांतले ध्वनी रोजच्या बोलण्याच्या प्रमाणात हवेत. 'पाणी'चं 'नीळ्ळू' केलंस की ध्वनी बदलले, तोल गेला. तयार तेलुगू यादी आणलीस तरी सोलापुरी तेलुगूत निम्मं मराठी मिसळलेलं, त्यातले शब्द आपल्या लोकांना परके वाटतील. मग माणसाचा कान चांगला असूनही गुण कमी.

साखरपेठची_लेक | बुधवार, रात्री 11:15

सगळ्यांचे आभार. राजूची आई, अजिबात माफी मागू नका, आमच्याही घरात अम्मम्मा (आजी) आहे.

गाइडशी बोलले. साठाचे पंचवीस झाले, त्यासाठी अर्धा तास बोलणी खाल्ली. शब्दयादी सोडली. त्याऐवजी तेलुगू आकडे ऐकवायचा विचार आहे: रेंडू, मूडू, ऐदू, आरू. आकडे सगळ्यांना पाठ असतात. एनिमिदी (आठ) आणि तोम्मिदी (नऊ) वगळणार, लांबीवरूनच ओळखू येतात. आकड्यांवरून व्यंजनांचं फार बारीक कळणार नाही, पण उंबरठा तरी मिळेल.

आता नवी अडचण. आमच्या नीतिशास्त्र समितीने संमतीपत्र तेलुगू लिपीत मागितलंय, अधिकृत भाषांतरकाराच्या सहीसकट. मी म्हटलं, आमच्याकडे बरेच जण बोलतात तेलुगू आणि वाचतात मराठी. माझ्या नान्नांची शाळा मराठी, त्यांना तेलुगूचं एक अक्षर वाचता येत नाही. त्यावर 'भाषा तेलुगू तर लिपी तेलुगू' असं उत्तर आलं. आता पैसे खर्चून असा कागद करायचा, जो सही करणाऱ्याला उलटा धरला तरी कळणार नाही.

जुना_ऑडिओमीटर | गुरुवार, सकाळी 7:30

भांडू नकोस, सुधारित अर्ज दे. तेलुगू वाक्यं देवनागरीत लिही, सोबत मराठी मजकूर जोड. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी मोठ्याने वाचून दाखवायचं आणि निःपक्ष साक्षीदाराची सही घ्यायची. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत ती सोय आहे. त्यावर बोट ठेव. साक्षीदार मुकादम नको. मुकादम समोर उभा असताना कोण 'नाही' म्हणेल?

चाळीस_माग | गुरुवार, सकाळी 10:00

ताई, माझ्या ओळखीचं मंगल कार्यालय आहे, रविवारी लग्न नसेल तेव्हा फुकट मिळवून देतो. माझे पंधरा कामगार पाठवतो. पण एक अट. कुणाचं किती गेलं ती यादी मला द्यायची. मालक म्हणून मला कळायला नको?

साखरपेठची_लेक | गुरुवार, सकाळी 10:25

काका, मनापासून आभार, पण यादी नाही देता येणार. कागद फक्त त्या माणसाच्या हातात. तुम्हाला सगळ्यांचं मिळून सांगेन, नाव न घेता. आणि 'पाठवतो' पण नको. ज्याला यायचंय तो येईल.

चाळीस_माग | गुरुवार, रात्री 8:45

दिवसभर विचार केला. पटलं नाही, पण हॉल घ्या. आणि त्या दिवशी माझाही कान बघा. वीस वर्षं मीही त्याच शेडमध्ये बसतोय.

बाळीवेस_कट्टा | शुक्रवार, दुपारी 12:20

धागा उशिरा पाहिला. वडील जुन्या मिलमध्ये होते. ते आणि त्यांचे मित्र चाळीच्या दोन टोकांना उभे राहून हाताच्या खुणांनी गप्पा मारायचे, ओठ मोठे हलवून, आवाज न काढता. आम्हाला वाटायचं गंमत करतात. मिल बंद पडून वर्षं झाली तरी सवय गेली नाही. हेही लिही की प्रबंधात कुठेतरी.

साखरपेठची_लेक | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री 9:30

अपडेट. समितीने देवनागरीतलं मान्य केलं. आज पहिला रविवार. वरातीतले उरलेले झेंडू अजून खांबांना, पंखे बंद, घामाच्या धारा. अकरा जण आले. दोघांच्या कानात इतका मळ होता की हेडफोन लावण्यात अर्थ नव्हता, एकाच्या पडद्याला भोक. तिघांनाही चिठ्ठी देऊन सिव्हिलला पाठवलं. म्हणजे कामाचे आठ. ताल मोडून सूर दिले तरी एक काका तंद्रीत बोट वर करत होते, त्यांचं दोनदा घेतलं.

एक चूकही झाली. शेजारच्या गल्लीत अडीच वाजता बॅंडची प्रॅक्टिस सुरू झाली आणि ते मला खोलीतला आवाज मोजायच्या अॅपमध्ये दिसलं, कानाला आधी जाणवलं नाही. माझ्याही कानांना या गावाची सवय झालेली आहे बहुतेक. त्या वेळचा एक आलेख रद्द केला. उरले सात.

नान्ना शेवटी आले. माझ्या प्रबंधात त्यांना घेता येणार नाही, घरचं माणूस, म्हणून मैत्रिणीने तपासलं, मी बाहेर बसले. आकडे त्यांनी विचारले नाहीत. हेडफोन काढून एवढंच म्हणाले, "माग अडला तर मला पाठ फिरवूनपण कळतं. मग कान गेला कसा?" मला पटकन उत्तर सुचलं नाही. घरी येताना रिक्षात सांगितलं, की मोठ्या आवाजात झालेला बदल कळणं वेगळं, आणि अम्मा स्वयंपाकघरातून काय म्हणते ते कळणं वेगळं. त्यांनी मान डोलावली. कशाला ते माहीत नाही.

सात जणांपैकी बहुतेकांनी एकच विचारलं: हे आता बरं होणार का? मला 'नाही' म्हणायला शिकवलंय, पण ते तेलुगूत म्हणायला कुणी शिकवलं नव्हतं. प्रश्नावलीत शेवटी एक मोकळी ओळ ठेवलीय, 'तुम्हाला काय विचारायचंय'. गाइडनी त्यावर लाल पेन मारलाय, मी अजून खोडलेली नाही.

पुढचा रविवार धरून अजून तीन-चार बैठका लागतील. आकड्यांचं रेकॉर्डिंग मी माझ्याच आवाजात केलं होतं, पण सगळ्यांना बाईचा आवाज जास्त बारीक वाटतो. सोलापुरी तेलुगू बोलणारा, सपाट आवाजाचा, सर्दी नसलेला पुरुष हवाय. अर्ध्या तासाचं काम आहे. चहा आणि शेंगाचटणीचं पाकीट मिळेल.

राजूची_आई | रविवार, रात्री 9:55

बेरा झाली. एका कानाचं पुन्हा करायचंय, तारीख मिळालीय. सासूबाईंनी रोज रात्री गोष्ट सांगायला सुरुवात केलीय. माझे मिस्टर सपाट आवाजाचे आहेत, विचारते.

कडक_भाकरी | रविवार, रात्री 10:10

पुढच्या रविवारी मामाला घेऊन येतो. पान आदल्या रात्रीच लपवून ठेवतो.